पेरो जिंकले असते तर (घरच्या ग्रुपवर)

चिऊ: काका, जागे आहात का? कॉलेजच्या अंकासाठी कथा लिहितेय. १९९२ मध्ये टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो अपक्ष म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होतात, अशी. तुम्ही तेव्हा डॅलसलाच होतात ना?

काका (डॅलस): हो, येऊन तीनच वर्षं झाली होती. आम्हाला मत नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात इथे दुसरा विषय नव्हता. शेजारच्या बाई किराणा दुकानाबाहेर टेबल मांडून सह्या गोळा करायच्या. पाठीशी पक्ष नाही, म्हणून मतपत्रिकेवर नाव यायला राज्याराज्यांत सह्या लागायच्या. शेवटी पन्नासही राज्यांत नाव आलं.

आत्या: अपक्ष माणूस कसा निवडून येणार रे?

काका (डॅलस): ताई, जूनमधल्या गॅलपच्या जनमत पाहणीत पेरो ३९ टक्के, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश ३१, डेमोक्रॅटिक पक्षाचे क्लिंटन २५ होते!

चिऊ: तिथूनच धागा उचललाय. नोव्हेंबरात जिंकतात.

काका (डॅलस): मग तुला १६ जुलै खोडावा लागेल. त्या दिवशी त्यांनी माघार घेतली. शेजारच्या बाई पायरीवर बसून रडत होत्या, मी पाहिलंय. १ ऑक्टोबरला ते परत उतरले, टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाचा वेळ विकत घेऊन तक्ते दाखवत सरकारी तुटीचा हिशेब समजावला. तरी १८.९ टक्के मतं, आणि इलेक्टोरल मत, म्हणजे राज्यांच्या वाट्याची ज्या मतांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो त्यातलं, एकही नाही.

बाबा: जवळपास १९ टक्के आणि हाती शून्य?

काका (डॅलस): जवळजवळ प्रत्येक राज्यात जो पहिला, त्यालाच तिथली सगळी इलेक्टोरल मतं. १९६८ मध्ये तिसरे उमेदवार वॉलेस यांना १३.५ टक्केच मतं होती, पण दक्षिणेत एकवटलेली, म्हणून ४६ मिळाली. पेरो मेन आणि युटात दुसरे आले, पहिले कुठेच नाही.

बाबा: आपल्याकडे झारखंडात मधू कोडा अपक्ष असून मुख्यमंत्री झालेच की, २००६ मध्ये.

काका (डॅलस): दादा, इथे निकालानंतर तशी मोट बांधता येत नाही. ५३८ पैकी २७० कुणालाच मिळाली नाहीत, तर प्रतिनिधीगृह, म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, पहिल्या तिघांतून एकाला निवडतं. तेही दर राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगलाही एक, आणि जिंकायला २६. सभागृहात बहुमत डेमोक्रॅटांचं, पेरोंचं स्वतःचं कुणीच नाही. १८२४ मध्ये जॅक्सन सगळ्यांत पुढे होते, तरी सभागृहाने ॲडम्सना निवडलं. चिऊ, त्यांना २७० थेट मिळू देत, नाहीतर कथा तिथेच कोसळेल.

चिऊ: आणि जिंकल्यावर? नाफ्टा, तो कॅनडा-मेक्सिकोबरोबरचा मुक्त व्यापार करार, ज्याला त्यांचा विरोध होता?

काका (डॅलस): तो थांबला असता, याची मला खात्री आहे. बुशनी डिसेंबर १९९२ मध्ये सही केली होती, पण अंमलबजावणीचं विधेयक क्लिंटननी पुढच्या नोव्हेंबरात रेटलं, सभागृहात २३४ विरुद्ध २००. पेरोंनी ते मांडलंच नसतं. पेट्रोलवरच्या कराचं मात्र कठीण. त्यांना पाच वर्षं, दरवर्षी १० सेंट वाढवायचे होते. क्लिंटनच्या अर्थसंकल्पातली वाढ फक्त ४.३ सेंटची, तरी तो सिनेटमध्ये उपाध्यक्ष गोर यांच्या मतावर तरला. ज्याचा एकही खासदार नाही, त्याला ५० सेंट कोण देणार?

आत्या: म्हणजे निवडून येऊनही हात बांधलेले.

चिऊ: हे घालतेच कथेत. आणि सुरुवात १६ जुलैला, त्या बाईंच्या टेबलापाशी. काका, टेबल कसं होतं?

काका (डॅलस): घडीचं, हिरवं. उन्हात कागद वाकायचे, म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवलेले असायचे. थंड पाणी आमच्याकडून न्यायच्या.