पालवी फुटली की झाड ‘पालवलं’?

संगमेश्वर तालुक्यातून, प्रश्न

पुण्यातलं बिऱ्हाड आवरून गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी गावच्या घरी आलो. घरामागे परडं आहे. तीन आंबे, एक फणस, दोन काजू आणि कुंपणाला पांगारा. सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचं आणि दिसेल ते वहीत टिपायचं, एवढाच सध्या उद्योग. ‘पांगाऱ्यावर शिंजीर, नर, अजून अर्धाच काळा झालाय.’ ‘कुर्तुक आज पहिल्यांदा सलग ओरडला.’ ‘फणसाच्या बुंध्याला कुयऱ्या, अंगठ्याएवढ्या.’ असलं काहीबाही.

मागच्या आठवड्यात लिहिलं: ‘थोरल्या आंब्याला पालवी फुटली. तांबूस, लुसलुशीत. वसंताची चाहूल.’ शेजारचे अण्णा वही चाळत होते. तिथे थांबले आणि म्हणाले, “चाहूल कसली? झाड पालवलं तुमचं. यंदा आंबे विकत घ्या.”

मी शाळेपासून पालवी हा शब्द आनंदाचाच म्हणून वापरत आलो. मनाला पालवी, आशेला पालवी, नात्याला पालवी. शब्दकोशातही ‘कोवळी पाने’ याच्यापलीकडे काही नाही. अण्णांच्या तोंडी मात्र ‘पालवलं’ हे ‘नापास झालं’ अशा सुरात आलं. हा फक्त आमच्या वाडीचा वापर आहे, की इतरत्रही ‘पालवणे’ असं नाराजीनं म्हणतात? आणि फळ देणारा फुटवा नि नुसत्या पानांचा फुटवा यांना वेगळे शब्द आहेत का?

देवगडहून

अण्णांचं बरोबर आहे. आमच्याकडे “औंदा आंबो पालवलो” असं कोणी म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. ऐकणारा “हं” म्हणतो आणि विषय बदलतो.

पालवी वाईट असं नाही, तिची वेळ महत्त्वाची. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात हापूसला पालवी येते. ती हवीच, कारण पुढचा मोहोर तिच्याच टोकाला यायचा असतो. पण त्यासाठी ती जून व्हावी लागते. (जून म्हणजे महिना नव्हे. आमचे मुंबईचे पाहुणे दर वेळी गोंधळतात.) तांबूस पान आधी पोपटी, मग गडद हिरवं होतं, हातात घेतलं तर कडक लागतं, मोडलं तर मोडतं. अशा जून काडीला थंडी लागली की तिच्या टोकाचा डोळा, म्हणजे कोंब, फुगतो आणि मोहोर बाहेर पडतो. थंडी पडलीच नाही, किंवा पाऊस लांबून पालवीच उशिरा आली, तर त्याच डोळ्यातून पुन्हा पानं येतात. मोहोरापासून आंबा तयार व्हायला साधारण चार महिने लागतात. माघात पालवलेली फांदी यंदा काय देणार? त्या पालवीचं कौतुक फक्त वानरांना. तुमच्या थोरल्या आंब्यावर येतीलच, वहीत लिहा.

डोळा फुटण्याआधीही अंदाज येतो. जाड, बोथट असेल तर मोहोर. बारीक, टोकदार असेल तर पालवी. माझे वडील जानेवारीत फांदी खाली ओढून अंगठ्यानं डोळा चाचपायचे आणि काही न बोलता पुढच्या झाडाकडे जायचे. त्यावरून आई हिशोब करायची.

वेगळ्या शब्दांचं म्हणाल तर नुसत्या पानांच्या फुटव्याला पुस्तकात ‘शाकीय वाढ’ आहे. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात वाचतो, बागेत कोणी उच्चारत नाही. बागेत ‘मोहोरला’ आणि ‘पालवला’ ही दोन क्रियापदं पुरतात. एक नवा शब्द मात्र पत्रकातून येऊन बागेत रुजला, ‘पुनर्मोहोर’. पहिल्या मोहोराची फळं वाटाण्याएवढी, गोटीएवढी झालेली असतात आणि थंडी रेंगाळली की त्याच फांदीला दुसरा मोहोर येतो. झाड सगळी ताकद नव्याला देतं आणि जुनी बाळफळं गळतात. वहीत लिहायला फार छान दिसेल, ‘आंबा दुसऱ्यांदा मोहोरला’. आमच्या पोटात गोळा येतो.

पुण्याहून

म्हणजे पालवीवर लिहिणाऱ्या कवींपैकी एकाचीही आंब्याची बाग नव्हती, एवढंच सिद्ध झालं.

बडोद्याहून

कवींना इतकं सोडून देऊ नका. जुन्या संस्कृत काव्यात हे दोन फुटवे कोणी मिसळत नाही. मदनाच्या पाच बाणांत आंब्याची मंजरी आहे, म्हणजे मोहोर. पल्लव आहे तो कलशावर ठेवायला. घोळ आपण मराठीत केला, वसंताच्या नावावर सगळंच एकत्र बांधून.

शब्दाचं बघायचं तर पालवी आणि पालव दोन्ही ‘पल्लव’पासून. संस्कृतातच पल्लवाचे दोन अर्थ होते, कोवळा फुटवा आणि वस्त्राचं टोक. दुसरा अर्थ जुन्या मराठीत ‘पालव’ म्हणजे पदर असा आला. आमच्याकडे गुजरातीत साडीच्या पदराला आजही पालवच म्हणतात, दुकानात रोज ऐकू येतं. हिंदीतला पल्लू त्यांचाच सोयरा. आणि जुन्या मराठीत ‘पालवणे’ याचा आणखी एक अर्थ होता, पदर किंवा हात हलवून बोलावणे. झाडानं पालवणं आणि माणसानं पालवणं एकाच रूपात. मला हे फार आवडतं, पण देवगडकरांपुढे म्हणायची आता हिंमत नाही.

मोहोराचीही गंमत पाहा. ‘तो मोहोर’ आंब्याचा, ‘ती मोहोर’ सोन्याची. दुसरी फारसीतली, मूळ अर्थ शिक्का, मुद्रा. पहिल्याचं नातं ‘मुकुल’शी, म्हणजे कळीशी जोडतात, हिंदीतला ‘मौर’ त्याचा भाऊ. दोन्ही ‘मोहर’ अशीही लिहितात. फक्त लिंग सांगतं की झाडावर काय लागलंय.

काटोलहून

आमच्याकडे आंबा गौण, संत्रा मुख्य. आणि संत्र्याच्या बागेत पालवी हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. आम्ही ‘नवती’ म्हणतो. “नवती निघाली”, “नवतीवर फवारा”, “नवती अजून कवळी आहे”. नवती म्हणजे जुन्या मराठीत तारुण्य, तोच हा शब्द. वयात आलेल्या पोरीला लागायचा तो आता औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत राहिला.

संत्र्याचं आंब्यासारखं नाही. इथे फूल नवतीसोबतच येतं. म्हणून नवती दिसली की आधी खुशी. पण वाकून बघायचं, पानाच्या बगलेत कळी आहे का. नसेल तर “नुसतीच नवती निघाली” असं म्हणतात, ते तुमच्या ‘पालवलं’चं सख्खं भावंड. ही कवळी नवती सगळ्यांना आवडते. लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू नेमकं तिच्यावरच एकेक अंडं ठेवून जातं. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते. वहीवाल्यांनी कढीपत्त्यावर शोधावी, परड्यात असेलच.

आणि बहार. आम्ही बहर नाही, बहार म्हणतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, कारण आंबा मोहोरतो त्याच सुमारास तो येतो. पावसाच्या सुरुवातीचा मृग बहार. लिंबूवाल्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. आंबिया धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतो. पानं मलूल होतात, काही गळतात, बघणाऱ्याला वाटतं बाग मेली. मग ताण तोडतो, म्हणजे पाणी सोडतो, आणि काही दिवसांत सगळी बाग एकदम फुलते. तो वास रस्त्यावरून मोटरसायकलनं जाताना हेल्मेटात शिरतो.

बडोदेकरांना विचारायचं होतं, बहार हा पण फारसीच ना?

बडोद्याहून

फारसीच. आणि मूळ अर्थ काय माहीत आहे? वसंत ऋतू! म्हणजे तुमच्याकडे वर्षातून तीन वसंत आहेत, त्यातला एक मृगाच्या पावसात. खेड्यात ‘वसंत’ कोणी म्हणत नाही अशी तक्रार इथे दर वर्षी कोणीतरी करतं. काटोलचे शेतकरी रोज म्हणतात, फक्त फारसीत.

वेंगुर्ल्याहून

वसंत म्हणत नाहीत हे खरंच. आमच्याकडे काळ मोजतात तो शिमग्याअगोदर आणि शिमग्यानंतर. सुरंगी फुलली की शिमगा जवळ आला. सुरंगीला ‘मोहोर’, ‘बहर’ काही म्हणत नाहीत, सरळ ‘सुरंगी इली’ म्हणतात, जशी काय माहेरवाशीण. फूल उमलायच्या आत कळी काढावी लागते, म्हणून बायका पहाटे झाडाखाली. तिच्या गजऱ्याला वळेसार म्हणतात. काजूला मात्र मोहोर म्हणतात, पुढे बी आणि बोंडू. केळीला मोहोर येत नाही, केळ ‘निसवते’. माडाला ‘पोय’ येते. म्हणजे प्रत्येक झाडाचं क्रियापद वेगळं. शहरातली माणसं सगळ्यांना ‘फुलं आली’ म्हणून मोकळी होतात.

नाशिकहून

थोडं विषयांतर. प्रश्नकर्त्यानं वहीत ‘कोकिळा गाऊ लागली’ असं लिहिलं नसेल अशी आशा आहे. गातो तो कोकीळ, काळा नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी, ती ‘किक्‌ किक्‌’ एवढंच ओरडते आणि कावळ्याच्या घरट्याकडे लक्ष ठेवून असते. ‘गानकोकिळा’ हा शब्द आता कोणी मोडू शकणार नाही, मोडूही नये, पण पक्ष्यांच्या वहीत कोकीळच लिहावं. तसाच पावशा. नाव पावसाचं, पण ‘पेर्ते व्हा’ची रट सुरू होते भर उन्हाळ्यात, पेरायला मूठभर ओल नसताना. नाव ठेवणाऱ्यांनी त्याचं शेवटचं ओरडणं ऐकलं असावं.

स्कॉटलंडहून

मी मूळचा साताऱ्याचा. इथे फेब्रुवारीत बर्फातून पांढरी लोंबती फुलं वर आली आणि मार्चमध्ये घरामागच्या डबक्यात बेडकांनी अंड्यांचे गोळे सोडले की शेजारी म्हणतात वसंत आला. माझ्या डोक्यात बेडूक म्हणजे मृग, त्यामुळे दर वर्षी छत्री शोधावीशी वाटते.

शब्दाची अडचण वेगळीच. मी आईला ऑक्टोबरात फोनवर म्हणतो, “पानगळ सुरू झाली.” ती विचारते, “आत्ता? दिवाळीत?” तिच्या लेखी पानगळ माघ-फाल्गुनातली. ती सुरू असतानाच तिकडे पळस, सावर, पांगारा फुललेले असतात आणि पिंपळ एका बाजूनं पानं टाकत दुसऱ्या बाजूनं तांबूस पालवी काढत असतो. इथे पानगळ आणि पालवी यांच्यात सहा महिन्यांचा काळोख आहे. पालवी हा शब्द मला इथे आल्यावर खऱ्या अर्थानं लागला. एप्रिलअखेर पहिलं पान दिसतं तेव्हा कोणी ‘पालवलं’ असं नाराजीनं म्हटलं तर मी भांडेन.

संगमेश्वर तालुक्यातून

सगळ्यांचे आभार. देवगडकर, वानरं परवा आली. नऊ होती. थोरल्या आंब्याची दक्षिणेकडची बाजू सोलून गेली. अण्णा म्हणाले, “बघा, तुमच्या वसंताला गिऱ्हाईक मिळालं.”

आज नीट चक्कर मारली. मधला आंबा अर्धा मोहोरलाय, वरच्या उन्हातल्या फांद्या. खालच्या, फणसाच्या सावलीतल्या, पालवल्यात. मोहोरावर मधमाश्या कमी, साध्या माश्याच जास्त. हुमल्यांनी, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांनी, कोवळी पानं ओढून दोन घरं शिवलीत. आमच्याकडे त्यांना ओंबील म्हणतात, त्या शब्दाबद्दल पुढच्या वेळी विचारेन. वहीत लिहिलं: ‘मधला: वर मोहोरला, खाली पालवला.’ ‘चाहूल’ खोडलं नाही, पण पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

एक विचारायचं राहिलं. मोहोराच्या काडीतच मध्ये मध्ये पानं दिसतात. त्याला मोहोरला म्हणू की पालवला?

देवगडहून

त्याला “मोहोर पानावर आला” म्हणा, फळ थोडं का होईना धरेल. पण शब्दाचं नंतर. आधी फांदीला हळूच टिचकी मारून बघा. बारकी, पाचरीसारखी किडी तुडतुड उडाली आणि खालची पानं चिकट लागली, तर ते तुडतुडे. मग वही ठेवा आणि अण्णांना हाक मारा.