गावरान भांग, गांजा, ताग: कोणता शब्द कशाला?

प्रश्न: उत्तराखंडातल्या डोंगरी हेंपबद्दल (भांगेच्या झाडाबद्दल) मराठीत लिहितोय. ‘लँडरेस’ला ‘जंगली वाण’ म्हणावं का? आणि हेंपला ताग म्हणू की अंबाडी?

– ‘जंगली’ नको. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखून एका मुलखात रुळवलेला वाण तो लँडरेस, म्हणजे आपला ‘गावरान वाण’. उकिरड्यावर, वाटेच्या कडेला आपसूक उगवते ती रानभांग. कुमाऊं-गढवालात वाखासाठी (सालीच्या धाग्यासाठी) आणि बियांसाठी पेरतात ती गावरान. वाखासाठी पेरा दाट ठेवतात. झाड फांद्या न फोडता सरळसोट वाढतं आणि वाख लांब, सलग निघतो. खोडांच्या पेंढ्या पाण्यात कुजत घालून साल सोलतात. लवकर काढल्या तर साल खोड सोडत नाही, जास्त राहिल्या तर वाख कुजून तुटतो. त्याच्या जाड कापडाला तिकडे ‘भांगेला’ म्हणतात. हा शब्द तसाच ठेवा. बियांची चटणी करतात, तिला नशा नसते.

भांगेचं परागीभवन वाऱ्याने होतं. शेजारी परका वाण आला की गावरान बी भेसळतं, म्हणून वाणासोबत गावाचं किंवा खोऱ्याचं नाव द्याच.

– ताग आणि अंबाडी, दोन्ही चूक. ताग शेंगवर्गातला, पिवळ्या फुलांचा. फुलोऱ्यावर आला की हिरवळीचं खत म्हणून गाडतात. त्यात ज्यूटलाही मराठीत सर्रास ताग म्हणतात. अंबाडी भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. तिची पानं भांगेसारखी चिरलेली, म्हणून शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आणि इंग्रजीत ‘डेक्कन हेंप’. घोळ इथेच होतो. ‘भांगेचा वाख’ लिहा, शंका उरत नाही.

– एक भर. भांग, गांजा, चरस हे तीन वाण नव्हेत. पानं ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, वेगळी काढलेली राळ ती चरस. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस यांची व्याख्या याच धर्तीवर आहे. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर राहतात, पण महाराष्ट्रात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे.

भांग-गांजाच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालात मुंबई इलाख्यातलं गांजाचं मुख्य क्षेत्र म्हणून अहमदनगर येतं, बंगालात नौगाव (आता बांगलादेशात). नौगावला ‘पोद्दार’ म्हणजे झाडं पारखणारे जाणकार शेतात फिरून नर झाडं हेरायचे, ती काढून टाकण्यासाठी. तिथला ‘चपटा’ गांजा पायांनी तुडवलेला, ‘गोल’ गांजा वळलेला. काही भाषांतरांत हे दोन वाण म्हणून छापले गेलेत. ते फक्त तयार करण्याचे प्रकार.

– पाणिनीचं सूत्र जोडतो: ‘विभाषा तिलमाषोमाभङ्गाणुभ्यः’ (५.२.४). तिळाचं शेत ते तिल्य किंवा तैलीन, तसं भांगेचं भङ्ग्य किंवा भाङ्गीन. तीळ, उडीद, जवस यांच्या पंगतीत भांग बसली आहे, म्हणजे ती तेव्हाही पेरून घ्यायचं पीक होती.