मदत हवी आहे : विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. आठवी-नववीला या विषयावर दोन तासिका घ्यायच्या आहेत, पण गाडी अडली आहे. आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याला पाण्यात ना रंग, ना वास, ना चव. मग दाखवायचं काय?

मुलांच्या डोक्यात 'शंका आली तर उकळा' हे पक्कं असतं. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. त्यासाठी मिठाचं पाणी आटवून दाखवेन म्हणते. आणखी काही सुचतंय?

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. शाई दहापट पातळ करत आठ वेळा नेली की दहा कोटींत एक भाग, म्हणजे साधारण तेवढंच! तिसऱ्या-चौथ्या पेल्यानंतर रंग दिसेनासा होतो, तिथेच खरी गंमत. कोणी करून पाहिलंय का? तपासणी किटमधली पट्टी पिवळी-तपकिरी होते, बघायला झकास. पण त्यात विषारी आर्सिन वायू तयार होतो, म्हणून वर्गात नकोच.

खरा पेच आजारांचा. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर त्वचेवर डाग, तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी, पुढे त्वचेचा, फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. फोटो दाखवावेत का? काही मुलं घाबरतात, काही खिदळतात. त्याऐवजी बांगलादेशात दूषित हातपंप लाल आणि सुरक्षित हिरवे रंगवले होते, तिथून सुरुवात केली तर? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.