स्वतःच्या मांडीत बी-१२ चं इंजेक्शन घेताना हात थांबतो, काय करू?

माळकरी_भोर

नमस्कार. वय ४९, गाव भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे. घरात तीन पिढ्यांची माळ, त्यामुळे अंडं-मटण नाही, आणि दूध मला पचत नाही. वर्षभर तळपायांना मुंग्या येत होत्या. मे महिन्यात बांधावरून चालताना एक चप्पल मागेच राहिली आणि मी दहा पावलं पुढे गेलो. बायकोने हाक मारली तेव्हा कळलं. तपासलं तर बी-१२ फक्त ९८.

डॉक्टरांनी मिथाइलकोबालामिन १५०० लिहून दिलंय. दिवसाआड सात, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. पहिली तीन दवाखान्यातच झाली. पण या पावसात दिवसाआड भोर गाठणं होत नाही, म्हणून डॉक्टरच म्हणाले, मांडीत घरी घ्यायला शिका. सिस्टरांनी घाईघाईत एकदा दाखवलं.

काल बसलो. अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) मोडताना काच वेडीवाकडी फुटली, अंगठा कापला, लाल औषध सगळं पाटावर सांडलं. दुसरं भरलं आणि सुई मांडीपाशी धरून वीस मिनिटं तसाच बसलो. शेवटी तेही टाकून दिलं. बायको म्हणते, मी देते कमरेत. कुणी स्वतः घेतं का? नीट सांगा.

इन्शुलिनवाला

दादा, मी आठ वर्षं रोज पोटावर इन्शुलिन घेतोय. चिमटा धरायचा, टोचायचं. घाबरू नका, अगदी तसंच घ्या.

जुनी_सिस्टर

इन्शुलिनवाले भाऊ, धीर दिलात ते चांगलं केलंत, पण "तसंच" नाही हो. इन्शुलिनची सुई ४ ते ६ मिलिमीटरची, ती कातडीखालच्या चरबीत राहते. हे औषध स्नायूत जायला हवं.

दादा, मी ३१ वर्षं वॉर्डात काढली. पोटाच्या ऑपरेशननंतर मला स्वतःलाच जन्मभर बी-१२ लागलं, गेली सहा वर्षं स्वतःच्या मांडीत घेतेय. हजारोंना टोचलं होतं, तरी पहिल्या दिवशी माझाही हात थांबला होता.

आधी वहिनींना सांगा, कमरेत नको. तिथून पायाची मोठी नस जाते. जागा चुकली तर पाऊल लुळं पडतं, असे पेशंट मी पाहिलेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तशी मोठी नस किंवा रक्तवाहिनी नाही, आणि ती जागा तुम्हाला स्वतःला दिसते.

खुर्चीवर बसा, पाय सैल सोडा. खुबा ते गुडघा या अंतराचे तीन भाग धरा. मधला भाग, पँटच्या बाजूच्या शिवणीच्या किंचित पुढे, ती जागा. एकदा उजवी मांडी, एकदा डावी.

आता अँप्यूल. उभी धरून डोक्यावर टिचकी मारा, वरचं औषध खाली येतं. मान स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मानेवर ठिपका असतो, तो स्वतःकडे करा, अंगठा त्यावर, मानेभोवती जाड गॉझ, आणि डोकं पलीकडे मोडा. अंगठा कापतो तो गॉझ नसल्याने. मोडल्यावर क्षणभर थांबा, काचेचा चुरा तळाला बसतो, म्हणून तळ खरवडून ओढू नका. औषध ओढलेली सुई काढून टाका आणि टोचायला नवी लावा. पहिलीत काचेचे कण असू शकतात, शिवाय ती काचेला घासून बोथट झालेली असते. सुईची जाडी बुडाच्या रंगावरून कळते, निळा असेल तर २३ नंबर, जांभळा असेल तर २४. लांबी १ इंच, बांधा जाड असेल तर दीड, पण ते डॉक्टरांना विचारून. औषध उजेडाने खराब होतं, खोक्यातच ठेवा आणि भरल्यावर लगेच घ्या. रंग उतरलेला किंवा गढूळ दिसला तर नको.

हात साबणाने धुवा. जागा पुसून ३० सेकंद वाळू द्या, फुंकर मारू नका. अर्धं दुखणं ओल्या स्पिरिटने होतं.

मग सुई पेन धरतो तशी, काटकोनात, एका दमात. हळूहळू टोचणं हीच चूक. तुमचा हात थांबला तो याचमुळे, तुम्ही सुई टेकवून बघत बसलात. श्वास सोडताना टोचा. दांडा मात्र सावकाश दाबा, १ मिलीला १० सेकंद. जोरात कळ विजेसारखी पायात गेली तर लगेच बाहेर काढा. आमच्या वेळी दांडा मागे ओढून रक्त बघायला शिकवायचे, लसींसाठी आता तसं सांगत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तर करा, आणि रक्त दिसलं तर ते औषध टाकून नव्याने सुरुवात.

काढल्यावर कापसाने दाबा, चोळू नका. सुईला टोपण परत घालायचं नाही, आमच्या निम्म्या पोरींना तिथेच टोचायचं. जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली ठेवा, सुई सरळ त्यात, आणि भरली की आरोग्य केंद्रात विचारून द्या. घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात त्यात जातात.

जागा लाल होऊन वाढत गेली, गरम लागली, ताप आला तर दवाखाना. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, दम लागला तर १०८.

आईसाठी_विचारतेय

ताई, आईलाही हेच इंजेक्शन आहे, पण ती रक्त पातळ करायची गोळी घेते. मी दिलं तर चालेल?

जुनी_सिस्टर

नको बाळा, डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितल्याशिवाय नको. स्नायूत आत रक्त साचू शकतं, वरून दिसतही नाही.

माळकरी_भोर

सिस्टर, आज सकाळी घेतलं. बायको ओट्यापाशी उभी राहून दहा आकडे मोजत होती. गॉझ धरल्यावर अँप्यूल काडीसारखी मोडली. श्वास सोडला आणि टोचलं, खरं सांगतो, सुई आत गेलेली कळायच्या आधी गेली होती. नंतर मांडी थोडी ठसठसली, दुपारी शेतात जाऊन आलो. फिनेलच्या रिकाम्या बाटलीवर मुलीने "सुया, हात लावू नका" असं लिहून चिकटवलंय. पुढचं परवा, डाव्या मांडीत.