जुन्या पीसीएक्स आणि टिफ फायलींचे रूपांतर करताना चित्रे बिघडतात

नौपाडा_मुद्रक, ठाणे

नमस्कार. वडिलांच्या छापखान्यात १९९३ ते १९९८ या काळात लग्नपत्रिका आणि गणेशोत्सव मंडळांचे अहवाल यांसाठी स्कॅन करून ठेवलेली सुमारे साडेचारशे चित्रे मी नुकतीच फ्लॉप्यांवरून संगणकावर उतरवून घेतली. बहुतेक पीसीएक्स आहेत, उरलेली टिफ (दोन्ही चित्रे साठवण्याचे फाइल-प्रकार). सर्व एकगठ्ठा जेपेगमध्ये बदलली, तेव्हा वाशीहून मॉडेमवर (टेलिफोनच्या तारेतून) मागवलेल्या काही पीसीएक्स चित्रांत गणपतीचा शेंदूर हिरवा झालेला दिसला, फॅक्सवरून आलेली काही टिफ रेखाचित्रे उंचीला निम्मी होऊन बसकी झाली, तर दोन-तीन टिफ काळ्यावर पांढरी उमटली. मूळ फायलीच खराब झाल्या आहेत, की रूपांतर चुकले आहे?

ऐरोलीकर

सर्वप्रथम जेपेग बाजूला ठेवा. ज्या चित्रात ठळक रेषा आणि सपाट रंग असतात, त्यात जेपेग रेषेच्या कडेला बारीक ठिपके सोडते आणि छपाईची प्लेट करताना ते सगळे उठून दिसतात. पीसीएक्ससाठी पीएनजी हा फाइल-प्रकार उत्तम, कारण त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. चौरंगी छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) मध्ये साठवलेल्या टिफ मात्र टिफच राहू द्याव्यात. पीएनजीमध्ये सीएमवायके ची सोयच नसल्याने तिथे रंग आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत) बदलूनच साठवावे लागतात. मूळ फायली कोणत्याही परिस्थितीत पुसू नका.

जुनी_फ्लॉपी

हिरव्या शेंदराबद्दल मला एक शंका आहे. २५६ रंगांच्या पीसीएक्समध्ये रंगांची तालिका (चित्रातील रंगांची यादी) सुरुवातीला नसून फायलीच्या अगदी शेवटी असते: १२ या किमतीचा एक खुणेचा बाइट आणि त्यानंतर ७६८ बाइट. म्हणून वाचणारा प्रोग्राम शेवटून ७६९वा बाइट तपासतो, आणि तिथे १२ न आढळल्यास तालिका नाही असे समजून भलतेच रंग भरतो. मॉडेमच्या काळातील एक्समोडेम पद्धत फाइल १२८ बाइटांच्या तुकड्यांत पाठवत असे आणि शेवटचा तुकडा अपुरा पडला तर तो सहसा २६ या किमतीच्या बाइटांनी भरून काढत असे. असे भरताड शेपटाला राहिले, की तालिका आपल्या जागेवरून मागे सरकते. बिघडलेल्या फायलींच्या आकाराला १२८ ने निःशेष भाग जातो का, तेवढे कृपया पाहावे.

नौपाडा_मुद्रक, ठाणे

एकोणीसच्या एकोणीस फायलींना भाग जातो! ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली. त्याआधी एका फ्लॉपीसाठी बसने वाशी गाठण्यापेक्षा मॉडेम परवडतो, असे वडील म्हणत.

जुनी_फ्लॉपी

मग चित्रे शाबूत आहेत. हेक्स संपादकात (फायलीतील बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) फायलीची प्रत उघडून शेवटचे २६ किमतीचे (हेक्समध्ये १ए) बाइट कापावेत. पण सरसकट कापू नयेत, कारण तालिकेचा स्वतःचा शेवटचा बाइटही योगायोगाने २६ असू शकतो. खुणेचा १२ (हेक्समध्ये ०सी) शोधून त्यानंतर मोजून ७६८ बाइट ठेवणे हाच खात्रीचा मार्ग. भरताड जास्तीत जास्त १२७ बाइटांचे असते, त्यामुळे फार शोधावे लागत नाही.

ऐरोलीकर

टिफचे दोन्ही दोष त्यामानाने किरकोळ आहेत. साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये एका इंचात आडवे २०४ ठिपके आणि उभ्या जेमतेम ९८ ओळी असतात; फायलीतील ही नोंद न पाहता पिक्सेल चौरस धरले, की चित्र बसके होते. उंची २०४ भागिले ९८, म्हणजे सुमारे २.०८ पट करावी, आणि ती करताना कडा मऊ करणारा पर्याय बंद ठेवावा. काळ्या-पांढऱ्याची उलटापालट २६२ क्रमांकाच्या टॅगमुळे (टिफ फायलीतील माहितीच्या नोंदीमुळे) होते: त्यात ० असेल तर शून्य म्हणजे पांढरा, १ असेल तर शून्य म्हणजे काळा. हा टॅग चुकीचा लिहिला गेला असेल किंवा वाचणाऱ्या प्रोग्रामने तो पाहिलाच नसेल, तर चित्र उलटे उमटते. एक-बिट (फक्त काळे-पांढरे) चित्र पुन्हा उलटवल्याने काहीही नष्ट होत नाही. नंतर ते ग्रुप ४ या फॅक्सच्या संकोचन पद्धतीच्या टिफमध्ये साठवावे.

नौपाडा_मुद्रक, ठाणे

पहिल्या फायलीच्या शेपटाला २६ चे ४१ बाइट निघाले. ते कापल्यावर शेंदूर शेंदरी दिसला. उरलेल्या अठरा आज रात्री करतो.