वेबहुक लॅपटॉपवरच तपासावा की गेटवेकडूनच इव्हेंट मागवावा?

देवगडकर: एका बागायतदाराची आंबापेट्यांची ऑनलाइन विक्री मी सांभाळतो. माझं मत ठाम आहे, पेमेंटचा वेबहुक आधी लोकलवर, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर, नकली इव्हेंट पाठवून तपासावा. (गेटवे म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, इव्हेंट म्हणजे तिने पाठवलेली पेमेंटची सूचना, आणि वेबहुक म्हणजे ती सूचना आपल्या कोडपर्यंत पोचवणारी सोय.) गेल्या हंगामात एकदाच भरलेल्या पैशांवर दोन पेट्या बुक झाल्या. चूक आमचीच. गेटवेला 200, म्हणजे ‘सूचना मिळाली’ असं उत्तर, द्यायच्या आधी आमचा कोड एसएमएस पाठवत बसायचा, मुदत उलटायची आणि तोच इव्हेंट पुन्हा यायचा. आता इव्हेंटचा मजकूर असलेली जेसनची फाइल कर्ल या कमांडने लागोपाठ दोनदा पाठवतो. दुसऱ्यांदा ऑर्डर बनली तर चाचणी नापास. कॅप्चर्ड (पैसे घेतले) आधी आणि ऑथराइज्ड (बँकेची मंजुरी) नंतर, हेही करून बघतो. गेटवेला असं उलट क्रमाने पाठवायला कसं सांगणार?

गुहागरकर: मला हे पटत नाही. फाइल तुम्हीच लिहिलीत, म्हणजे तुम्हाला सुचलं तेवढंच तिच्यात असणार. मी होमस्टेची बुकिंग बघते. माझ्या फाइलीत रक्कम होती 2500, रुपयांत. आमचा गेटवे रेझरपे ती रुपयांत नाही, पैशांत (1 रुपया = 100 पैसे) पाठवतं, म्हणजे 250000. सगळ्या चाचण्या हिरव्या, आणि कोड चुकीचा! शिवाय लोकलवर सिग्नेचरची, म्हणजे इव्हेंट खरंच गेटवेकडून आल्याच्या डिजिटल सहीची, पडताळणी बंद ठेवायचा मोह होतोच. एनग्रोकचं टनेल, म्हणजे इंटरनेटवरून लॅपटॉपपर्यंतची वाट, उघडा आणि गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये (खरे पैसे न जाता) पैसे भरून बघा.

देवगडकर: रकमेचं मान्य, ताई. म्हणूनच फाइल हाताने लिहू नये, टेस्ट मोडमधून आलेली बॉडी, म्हणजे इव्हेंटचा मजकूर, जशीच्या तशी ठेवावी. सिग्नेचर बंद कशाला? सहीची गुप्त किल्ली (सीक्रेट) आपल्याकडेच असते, स्क्रिप्ट तिच्यावरून एचमॅक-एसएचए256 पद्धतीने सही काढते. पडताळणी मात्र कच्च्या बॉडीवरच करा. जेसन उलगडून पुन्हा बांधलं आणि एक स्पेस जरी बदलली, तरी सिग्नेचर जुळत नाही. आणि जूनमध्ये इथे वीज गेली की नेट जातं, टनेल तुटतं. तेव्हा काय हात जोडून बसायचं?

मालवणकर: स्ट्राइप हा गेटवे वापरणाऱ्यांनो, एक ध्यानात घ्या. तिथे सिग्नेचरमध्ये वेळही असते आणि त्यांच्या लायब्ररी 5 मिनिटांपेक्षा जुनी सिग्नेचर नाकारतात. कालच्या हेडरसकट (सिग्नेचर त्यातच येते) फाइल आज चालणार नाही, दर वेळी नव्याने सही करावी लागते. त्यांच्या सीएलआयचं (कमांड टाइप करून वापरायचं साधन) लिसन (इव्हेंट लॅपटॉपवर आणणं) आणि ट्रिगर (चाचणीचा इव्हेंट घडवणं) वापरलं तर टनेलही लागत नाही. नेट मात्र लागतंच.

गुहागरकर: नेटचं दुखणं मलाही आहे, दादा. पण गेटवेने उद्या एखादं फील्ड बदललं, तर तुमची साठवलेली फाइल तुम्हाला ते कधीच सांगणार नाही. आंब्याला हंगाम असतो, माझ्याकडे दर शनिवारी माणसं बॅगा घेऊन दारात उभी राहतात. डिप्लॉयआधी, म्हणजे नवा कोड खऱ्या साइटवर चढवण्याआधी, टेस्ट मोडचं पेमेंट मी सोडणार नाही.