ॲम्प घेताना बनवणाऱ्याचं डोकं बघता का?

धरमपेठी_कान:
स्पेक्स वाचून वाचून डोकं उठलं, मग ठरवलं की वॉट-बिट सोडा, बनवणारा माणूस काय मानतो ते बघू. क्वाड या ॲम्प कंपनीवाल्या पीटर वॉकरचं म्हणणं सरळ होतं, ॲम्पने आवाज मोठा करावा, त्यात स्वतःचं काही मिसळू नये. दुसरा ॲम्प डिझाइनर नेल्सन पास म्हणतो ऐकून मजा आली पाहिजे, थोडं सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा, ॲम्पने स्वतः मिसळलेला सूर) आलं तर येऊ द्या. मला पास पटतो, त्याची सर्किटं तो हौशी लोकांना फुकट देतो, म्हणून त्याचाच क्लास ए पद्धतीचा ॲम्प बनवून घेतोय. माणूस पटला की आवाज पटतोच.

खामल्याचा_कूलर:
माणूस पटला म्हणे! ॲम्प घेऊन राह्यला का सोयरीक करून राह्यला बे? क्लास ए गाणं वाजो न वाजो, करंट तेवढाच ओढतो अन् शेगडीसारखा तापतो. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री, कूलर लावशीलच नं? मी मागच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून मारवा ऐकायला बसलो, आलाप संपायच्या आत बनियन पिळायची पाळी. कूलर चालू केला तर त्या घरघरीत तानपुरा पण गायब, तुझं सेकंड हार्मोनिक कुठे शोधू?

धरमपेठी_कान:
हिवाळा पण असतो ना बाप्पा. आणि खोलीचा विचार पण डिझाइनरच करतो. बीबीसीचा एलएस३/५ए स्पीकर घ्या, ७० च्या दशकात ओबी व्हॅनच्या (स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीच्या) टिचभर जागेत ऐकायला बनवला, म्हणून बास कमी पण माणसाचा आवाज एकदम खरा. हे माहीत नसेल तर लोक हॉलमध्ये लावून बास नाही म्हणून रडतात.

मोजमाप_महाराज:
हे व्हॅनचं पटलं, पण ते काम झालं, त्याला तत्त्वज्ञान कशाला म्हणता. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर नावाच्या ॲम्प डिझाइनरने एका महागड्या ट्यूब ॲम्पचा आवाज आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये उतरवून दाखवला, स्टीरिओफाइल मासिकाच्या लोकांना कानाने फरक सांगता आला नाही. मग डिझाइनरच्या विचारांचे वेगळे पैसे कशाचे?

धरमपेठी_कान:
अहो महाराज, कार्व्हरला तो आवाज उतरवावासा वाटला, म्हणजे कोणाला तरी तो आधी सुचला होता ना. असो, ॲम्पची उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक आले आहेत, एकेक चार-चार किलोचा. बायको विचारते हे तवे कुठे ठेवायचे.

खामल्याचा_कूलर:
दिवाळीनंतर बोलव. अन् पंखा पण बंद ठेवजो.